काकांना जिवंत करण्याबाबत

१२ जानेवारी

चि. सोन्या यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तुला फोन करून पाहिला, पण एक रेकॉर्ड केलेली बाई हा नंबर अस्तित्वात नाही असं सांगते आणि मग तेच दुसऱ्या भाषेत सांगते. तुझा पत्ता तुझ्या वडिलांच्या वेळचाच असणार, म्हणून हे पत्र.

काल मी बँकेत रांगेत उभी होते. पुढची बाई सारखी मागे वळून बघत होती. शेवटी म्हणाली, तुम्ही माई ना? मी म्हटलं, नाही. तिने फोन काढून मला माझाच फोटो दाखवला. खाली लिहिलं होतं, 'माई, गृहिणी, घर सांभाळण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव.' माझ्या सांगण्यावरून तिच्या मुलाच्या शर्टावरचा गंजाचा डाग गेला म्हणून तिने माझे आभार मानले. मागच्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि म्हणाले, तुमचं ऐकून माझ्या घरचा संगमरवरी ओटा खडबडीत झाला, त्याचं काय. मी दोघांचंही ऐकून घेतलं. खिडकीतला कारकून वाट बघत होता.

घरी येऊन तुझ्या काकांना सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि बराच वेळ वाचत बसले. फोटो तुझ्या लग्नातला आहे असं त्यांनी शोधून काढलं. डावी बाजू कापली आहे आणि माझ्या खांद्याजवळ जो अर्धा कान दिसतो तो त्यांचा आहे. सगळ्यात खाली बारीक अक्षरात तुझ्या कंपनीचं नाव आहे.

लेखाखाली लोकांना लिहायला जागा दिली आहेस. तिथे मी लिहिलं की या फोटोतली बाई मी आहे आणि मला यातलं काही माहीत नाही. लगेच उत्तर आलं की आपली प्रतिक्रिया तपासणीत आहे. आज पाहिलं तर ती गायब.

तर हा काय प्रकार आहे ते सविस्तर कळव. आणि व्हिनेगरने संगमरवर पुसा असं माईने लिहिलं आहे ते आधी काढ. व्हिनेगरने संगमरवर खलास होतो. एवढं कोणालाही माहीत असतं.

तुझी काकू

२१ जानेवारी

ती. सौ. काकूस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हिनेगर काढलं.

आधी फोनचं सांगतो. साइट नावावर घेतली की नोंदणीत मालकाचा नंबर दिसतो, आणि मग साइट बनवून देणारे, विकत घेणारे, पहिल्या पानावर आणून देणारे दिवसभर पिडतात. म्हणून मी नंबर बदलतो. सध्याचाही बदलायचा आहे. तुला फोन करून पाहिला, पण काकांनी तुझ्या फोनवर अनोळखी नंबर बंद करून ठेवलेत, आणि मी तुला अनोळखी आहे. नवा पक्का झाला की कळवतो.

आता धंद्याचं. माझ्या बऱ्याच साइट आहेत. एक माशांच्या टाक्यांची, एक गाद्यांची, एक कुत्र्यांची, एक बागेच्या पाइपांची. माझ्याकडे मासा नाही, कुत्रा नाही, बागही नाही. लोक काहीतरी शोधतात, आमच्याकडे त्याचं उत्तर असतं, उत्तराच्या शेजारी जाहिरात असते, त्यावर आमचं घर चालतं. लेख शब्दांच्या हिशेबावर बाहेरून लिहून घेतो, म्हणून ते लांब असतात.

हल्ली शोधून देणाऱ्या कंपनीला लेखक खरा माणूस लागतो. चेहरा हवा, अनुभव हवा. आधी आम्ही एका आजीबाईंचा तयार फोटो विकत घेतला होता. पण त्याच बाई दुसऱ्या एका साइटवर दंतवैद्य निघाल्या. कुठेच नसलेला चेहरा हवा होता. लग्नाचा अल्बम काढून बसलो. सासूबाईंचा लावला असता, पण त्या साइट वाचतात. तुझा चेहरा सगळ्यात विश्वासू वाटला. बायको म्हणाली, काकूंना विचार. मी म्हटलं, विचारतो.

तुझा फोटो आजच्या आज काढू शकतो. पण काकू, एक सुचवू का? तूच लिही. माई तूच हो. खोटं काही उरणारच नाही.

तुझा
सोन्या

३ फेब्रुवारी

चि. सोन्या यास आशीर्वाद.

विचार केला. लिहीन. कारण सांगते. गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी काही विचारलेलं नाही. भाजी काय करू असं मीच विचारते आणि काहीही चालेल असं उत्तर येतं. बँकेतल्या त्या बाईने आभार मानले तेव्हा ते चुकीच्या माणसाचे होते, पण घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

मी कागदावर लिहून पोस्टाने पाठवीन, तू टाइप कर. जे मी करून पाहिलेलं नाही ते माझ्या नावाखाली घालायचं नाही.

आणि माईच्या नवऱ्याचं बघ. तुझ्या साइटवर तो दर शनिवारी फुलं आणतो आणि माईच्या हाताला चव आहे म्हणतो. तुझ्या काकांनी ते वाचलं आणि हा माणूस कोण असं मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच. ते नाही म्हणाले. चार दिवस अधूनमधून त्या माणसाची चौकशी करत होते, फुलं कुठून आणतो वगैरे. त्याला काढ आणि खरं ते लिही. माझे मिस्टर लिफ्ट तपासनीस होते. आयुष्यभर लिफ्टच्या आत काय असतं ते पाहिल्यामुळे ते स्वतः लिफ्टने जात नाहीत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि ते जिन्याने येतात-जातात. फुलं आणत नाहीत.

सोबत पहिला लेख आहे, कपाटातल्या कुबट वासावर. मोठा केलेला नाही. वास जायला जेवढं लागतं तेवढंच लिहिलं आहे.

काकू

१९ मार्च

ती. सौ. काकूस नमस्कार.

काकू, तू कमाल केलीस. कुबट वासाचा लेख पहिल्या पानावर आला. बाहेरून लिहून घेतलेले लेख लोक अर्धवट सोडतात, तुझे शेवटपर्यंत वाचतात आणि मग दुसरा उघडतात. काका लिफ्टने जात नाहीत हे लोकांना इतकं आवडलंय की एका लिफ्ट कंपनीने आपली जाहिरात आपण होऊन काढून घेतली.

आठवड्याला दोन लेख जमतील का? पाण्याच्या टाकीवर, दाराच्या बिजागऱ्यांवर, असं काहीतरी.

मजकुरात मी एक छोटासा बदल केला आहे. लिखाणाच्या सोयीसाठी. विशेष काही नाही, तू लक्ष देऊ नकोस.

काकांना नमस्कार सांग.

सोन्या

५ एप्रिल

सोन्या,

तू केलेला छोटासा बदल समजला.

परवा सकाळी बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, हातात डबा. ह्यांना म्हणाल्या, फार वाईट झालं. हे म्हणाले, हो का, या आत. त्या आत येऊन माझा हात धरून बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं त्यांच्याकडे कोणी गेलं, म्हणून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ आम्ही एकमेकींना धीर दिला. मग त्या म्हणाल्या, झोपेत गेले हे त्यातल्या त्यात बरं. मी विचारलं, कोण? त्यांनी फोनवर दाखवलं.

मी त्यांना म्हटलं, अहो ते आत चहा करताहेत. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून मला कळलं की हे आणखी बोलण्यात अर्थ नाही. आमच्या इमारतीत सगळे लिफ्टने जातात, तुझे काका जिन्याने. त्यामुळे ह्यांना कोणी नीट पाहिलेलंच नाही. बाईंनी जाताना ह्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही दीर ना, थोडे दिवस इथेच राहा, वहिनी अजून मानायला तयार नाहीत. हे म्हणाले, राहतो.

मी नंतर विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, त्यांनी विचारलं कुठे, त्यांनी सांगितलं.

त्यानंतर पहिल्या मजल्यावरचे, पाचव्यावरचे आणि इस्त्रीवाला येऊन गेले. बँकेतून पत्र आलं की खात्याबाबत काही मदत लागल्यास कळवावे. प्रत्येक वेळी दार ह्यांनीच उघडलं.

मला तुझा राग आला आहे, स्पष्ट लिहिते. फोटो घेतलास तेव्हा एवढा आला नव्हता. तू माझा नवरा मारलास आणि वर मला त्यांना नमस्कार सांगायला लावलास. त्यांना जिवंत कर.

काकू

१६ एप्रिल

ती. सौ. काकूस साष्टांग नमस्कार.

मी चुकलो. पण कसं झालं ते ऐकून घे.

एकट्या राहणाऱ्या बायका फार शोधतात काकू. फ्यूज उडाला तर काय करायचं, नळ गळतो तर कोणाला बोलवायचं, दाराला आतून काय लावायचं. त्यावर नीट लिहिणारं कोणी नाही. माईने लिहायला घेतलं तर वाचक विचारणार, मिस्टर काय करतात? तपासनीस नवरा घरात बसलेला आणि बायको शिडीवर चढलेली, हे पटत नाही. त्यातून एका विमा कंपनीला नेमक्या अशाच वाचक हव्या होत्या. नाइलाज झाला.

काका गेल्याचं मी स्वतः लिहिलं, बाहेर दिलं नाही. त्रास होऊ दिला नाही. झोपेत, शांतपणे. लिहिताना मला रडू आलं, हे बायको सांगेल.

आता त्यांना लगेच जिवंत करणं अवघड आहे. ते पान सगळ्यात वर आहे. एकदा गेलेला माणूस परत आला तर साइटवरचा विश्वास उडतो, मग डागांचेही लेख कोणी वाचणार नाही. थोडा वेळ दे. काहीतरी मार्ग काढतो. शब्द देतो.

सोन्या

३० एप्रिल

चि. सोन्या यास आशीर्वाद.

राग थोडा निवळला आहे. त्यात तुझं कर्तृत्व नाही.

तुझ्या काकांनी त्यांच्या मृत्यूखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. दोन दिवस लागले. निवृत्तीच्या समारंभात त्यांचे साहेब चुकून दुसऱ्याच तपासनिसाबद्दल बोलले होते, ते त्यांच्या मनात अजून आहे. इथे इतक्या लोकांनी त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे. एका बाईने लिहिलंय की जिन्याने जाणारी माणसं आता राहिली नाहीत. ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतः खाली लिहिलं, 'मी जिवंत आहे.' ती प्रतिक्रिया तपासणीत आहे.

नंतर गेल्या मंगळवारी, बाहेरून आल्यावर, ते मला म्हणाले की सोन्याचं म्हणणं बरोबर आहे, बाईला फ्यूज बदलता यायला पाहिजे. तुला येतो का? मी म्हटलं, नाही. त्यांनी हत्यारांची पेटी माझ्यापुढे ठेवली, स्टूल ठेवलं आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. मी पक्कड मागितली तर दिली नाहीत. म्हणाले, "लेख लिहायचा ना? मग मी मेलोय असं धरूनच कर."

फ्यूजचा लेख सोबत आहे. पुढे नळाचा आहे, तो त्यांनी शिकवायला घेतला आहे. कसे शिकवतात ते काय सांगू, एखाद्या नवीन उमेदवाराला धारेवर धरतात तसं. आधी मेन बंद, हे मी तीनदा विसरले तर तिन्ही वेळा त्यांनी मला खाली उतरवलं. पण मजा येते. लग्नानंतर आम्ही एवढं बोललेलो नाही.

पण म्हणून तुझी सुटका झाली असं समजू नकोस. तुझ्या काकांचं म्हणणं असं, की सराव म्हणून काहीही धरून चाला, पण लिहायचं तेच जे पाहिलं. तपासणी करताना त्यांनी कधी न पाहिलेल्या दोरावर सही केली नाही. त्यांना जिवंत कर आणि त्यांची ती प्रतिक्रिया छाप.

काकू

२० जून

ती. सौ. काकूस नमस्कार.

उशीर झाला, माफ कर. मध्ये शोधून देणाऱ्या कंपनीने नियम बदलले. माशांची साइट गेली, गाद्यांची अर्धी गेली, मी दोन महिने त्याच धावपळीत होतो. तरली ती फक्त माईची. बायको म्हणते, काकूंच्या जिवावर जेवतोय.

तुझे एकटीने घर चालवण्याचे लेख बायका कापून ठेवतात, म्हणजे फोनमध्ये. 'आधी मेन बंद' ही तर त्यांची म्हणच झाली आहे.

एक बातमी. एका मोठ्या कंपनीला माईची साइट विकत हवी आहे. मला या सगळ्यातून मोकळं होता येईल. त्यांची अट अशी की माई आहे तशी हवी. फोटो, अनुभव, आणि एकटी. पुढचे लेख ते मशीनकडून लिहून घेणार, तुला त्रास नाही.

काकांना जिवंत करण्याचं त्यामुळे थोडं अडलंय. विसरलो नाही.

सोन्या

२ जुलै

चि. सोन्या यास आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुझ्या काकांनी विचारलं, विकल्यावर मग जिवंत कोण करणार? मी म्हटलं, कोणीच नाही. ते खिडकीत जाऊन उभे राहिले.

सोन्या, तुला मोकळं व्हायचंय, तू हो. माझा फोटो घेऊन टाक, कोणालाही विक, त्यावर मशीन काय वाटेल ते लिहो, संगमरवरावर व्हिनेगर ओतो. मला त्याचं काही नाही. पण विकायच्या आधी ह्यांना जिवंत कर. माणूस घरात चालतो-बोलतो आहे आणि जगभर तो गेला म्हणून लिहिलेलं आहे, हे मला सहन होत नाही. आधी हसू यायचं, आता येत नाही. ते रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तुझी साइट उघडतात. मग मला म्हणतात, आज नाही. आणि दूध आणायला जातात.

आमचं इथे शिकवणं जोरात आहे. विम्याचे हप्ते, लॉकर, गच्चीवरच्या टाकीची झडप, कुलूप बिघडलं तर काय. हल्ली फार घाई करतात. एका दिवसात दोन-दोन विषय काढतात. मी म्हटलं, साइटला एवढी घाई नाही. म्हणाले, साइटला नसेल. त्यांचं असंच असतं, एखादं काम डोक्यात बसलं की बसलं. मध्ये दोनदा मोठ्या इस्पितळात जाऊन आले, एकटेच. विचारलं तर म्हणतात, नेहमीची तपासणी, शेरा काही नाही. हल्ली जिना चढताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतात. लिफ्टचा आवाज ऐकतो म्हणतात, रोलर खराब झाला आहे म्हणे.

टाकीच्या झडपेचा लेख सोबत आहे. तुझा नवा नंबर अजून आलेला नाही.

काकू

१० ऑगस्ट

शनिवारी सकाळी माझे मिस्टर दूध घेऊन येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते उठले नाहीत. दुधाची पिशवी त्यांनी शेजारी भिंतीला टेकवून नीट उभी ठेवली होती.

यायला उशीर झाला म्हणून मी दार उघडून ऐकलं. पावलं वाजत नव्हती. खाली गेले. हाक मारली, हात धरून पाहिला. एकटीने घरात काय काय करायचं ते त्यांनी मला सगळं शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं. त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. लिफ्ट दोनदा वर गेली आणि खाली आली. आत जे कोणी होतं त्यांना आम्ही दिसलो नसणार.

डॉक्टर आले. म्हणाले, जिने चढू नका असं मी त्यांना एप्रिलमध्येच सांगितलं होतं, लिफ्टने जा म्हटलं होतं. ते बघतो म्हणाले होते. मी डॉक्टरांना विचारलं, एप्रिलमध्ये कधी? त्यांनी तारीख-वार सांगितला. त्याच दिवशी घरी येऊन माझ्या मिस्टरांनी मला फ्यूज बदलायला लावला होता. मला वाटलं होतं त्यांना त्यात मजा येते आहे. येतही असेल.

खाली नेताना लोक म्हणाले लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही. जिन्यानेच नेलं. ते एक बरं झालं.

भेटायला फारसं कोणी आलं नाही. सगळे आधीच येऊन गेले आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, त्या म्हणाल्या, वर्षाच्या आत दिराचंही असं व्हावं. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला.

काल न्हाणीघरातला दिवा गेला. मी मेन बंद केला, स्टूल आणलं, दिवा बदलला, मेन चालू केला. उजेड पडला. मग तिथेच स्टुलावर बसून रडले.

जमलं तर ये.

१७ ऑगस्ट

ती. सौ. काकूस साष्टांग नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. मी साइट विकली नाही.

तुझं जुलैचं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरत होतो. कंपनीचे लोक सह्या घ्यायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, आधी मला काकांना जिवंत करायचं आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. समजावून सांगितलं तर म्हणाले, मग आम्हाला नको. गेले निघून. बायको म्हणाली, आयुष्यात एक तरी काम बरं केलंस. आता काय करायचं ते माहीत नाही. बघू.

पण काकू, परवा दुपारी मी बटण दाबलं. काका जिवंत आहेत. आडवळणाने नाही, सरळ लिहिलं आहे: 'माईचे मिस्टर सुखरूप आहेत. ते गेल्याचं आम्ही खोटं लिहिलं होतं. चूक आमची.' सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. त्यांची 'मी जिवंत आहे' ही प्रतिक्रियाही शोधून काढली आणि छापली. चार महिने तपासणीत पडून होती. लोक काही चिडले नाहीत गं. उलट सगळे खूश आहेत. मी उगाच घाबरत होतो. काकांना आता सकाळी साइट उघडू दे आणि काय म्हणतात ते मला कळव.

आता तुझ्या लेखाबद्दल. तो नेमका काकांना जिवंत केलं त्याच संध्याकाळी पोचला. तू आजवर लिहिलेल्यांत हा सगळ्यात चांगला आहे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दुधाची पिशवी तर फारच छान सुचली. पण आता तो वापरता येणार नाही, कारण काका जिवंत आहेत. शिवाय आधी आपण झोपेत म्हटलं होतं, इथे तू जिन्यात घेतलं आहेस. तरी जपून ठेवतो. शेवटचं 'जमलं तर ये' हे वाचकाला उद्देशून आहे का? तिथे जरा गोंधळ होतो.

नवा नंबर पक्का झाला. खाली लिहिला आहे. काकांना सांग, तो तुझ्या फोनवर चालू करून द्यायला.

तुझा
सोन्या

२३ ऑगस्ट

चि. सोन्या यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. साइट मी स्वतः उघडून पाहिली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहेस ते वाचलं. खाली ह्यांची प्रतिक्रिया आहे, तीही वाचली. तिच्याखाली किती जणांनी अभिनंदन केलं आहे. एकीने लिहिलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा.

सोन्या, तो लेख नव्हता. पत्र होतं. त्या दिवशी वर 'चिरंजीव' लिहायचं मला सुचलं नाही आणि इतके दिवस लेख लिहून हाताला तसंच वळण पडलं आहे, म्हणून 'माझे मिस्टर' असं लिहून गेले. तुझे काका आठ तारखेला गेले. तू त्यांना जिवंत केलंस तेव्हा त्यांना जाऊन आठवडा झाला होता. शनिवारी सकाळी त्यांनी साइट पाहिली होती. म्हणाले, आज नाही, आणि खाली गेले.

तुला बोल लावत नाही. तुझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, त्यातली तू अवघड निवडलीस. ते असते तर पानभर वाचून 'ठीक आहे' म्हणाले असते, आणि त्यांचं 'ठीक आहे' आयुष्यात फार थोड्या लिफ्टना मिळालं.

आता परत बदलू नकोस. खरं तेच लिहायचं असं मीच तुला सांगितलं होतं, आणि मीच आता हे सांगते आहे. तिथे ते आहेत तसे असू देत. इथल्या लोकांच्या लेखी माझा नवरा चैत्रातच गेला आणि आता दीर गेला. ते आठ तारखेपर्यंत होते आणि त्यांनी मला सगळं शिकवलं, हे तुला आणि मला माहीत आहे. बाकी कोणाला माहीत नाही. म्हणून तू ये. मला त्यांच्याबद्दल कोणाशी तरी बोलायचं आहे.

तुझा नंबर मी चालू करून घेतला आहे, पण फोनवर नको. ये. बेल वाजवलीस की जरा थांब. दार उघडायला आता मीच आहे.

तुझी काकू